घंगाळातला मासा

आषाढ वद्य अमावास्या. सकाळपासून दिवे घासायला काढले आहेत. समया, निरांजने, लामणदिवा, देवघरातली पंचारती असे सगळे ओसरीवर मांडून, चिंचेचा कोळ आणि राख घेऊन बसले आहे. दिव्याची अवस सगळ्यांच्याच घरी असते, पण तांबटाच्या घरात आज एखादे भांडे काळे दिसले तर उद्या गिऱ्हाइकाला तोंड कसे दाखवायचे? पाऊस थांबून थांबून पडतो आहे. घासलेल्या तांब्यावर थेंब उडाला की लगेच डाग पडतो, म्हणून प्रत्येक भांडे विसळून तिथल्या तिथे कोरडे करावे लागते. या कामात माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो. मला तो नको असतो.

दिवे संपल्यावर माळ्यावरचे तांब्याचे घंगाळ काढले. दरवर्षी आजच्या दिवशी ते काढते, घासते आणि परत ठेवते. यंदा परत ठेवायचे की नाही, ते अजून ठरवलेले नाही. वर माडीवर यमू झोपली आहे. माझी मुलगी. सातवा महिना आहे, बाळंतपणासाठी परवाच मुंबईहून आली. काल संध्याकाळी तिने अर्धी भाकरी खाऊन पान सारले आणि उठली. माझे हात इथे चालले आहेत आणि डोके तेव्हापासून तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात आहे.

त्या वर्षी यमूचे पहिले बाळंतपण आमच्याकडेच झाले. मुलगा झाला आणि बारशाच्या आधी गेला. याबद्दल जास्त लिहिण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. ज्यांच्या घरी असे झाले आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांच्या घरी झालेले नाही त्यांना सांगून काय उपयोग.

तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, होते. दुकान आमच्या यांच्याकडे सोपवून ते नुसती घरापुरती भांडी घडवीत. पणतवाच्या न्हाणासाठी ते खाली कारखान्यात हे घंगाळ घडवीत होते. मूल गेले त्या दिवशी आमच्या आळीतले ठोके थांबले. तांबट आळीत दिवसा शांतता असली की कानात दडे बसल्यासारखे होते. दुसऱ्या दिवशी आळीचे ठोके सुरू झाले, आणि त्यांत मामंजींचाही ठोका होता. मी खाली गेले.

"मामंजी, आता कशाला?"

मान वर न करता ते म्हणाले, "तापवलेला पत्रा अर्धवट सोडत नाहीत, सूनबाई. वेडावाकडा होतो."

वर यमू भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला प्रत्येक ठोका ऐकू जात होता. मामंजींना हे कळत नव्हते असे नाही, पण त्यांना दुसरे काही करता येत नव्हते. मला तरी कुठे येत होते? मी भांडी घाशीत होते.

यमूने जेवण सोडले असेही म्हणता येणार नाही. ती हाक मारली की पानावर येऊन बसे, भाताचे शीत शीत वेगळे करी, दोन घास तोंडात फिरवी आणि उठे. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. वैद्य येऊन नाडी बघून गेले. ताप नाही, दुसरे दुखणे नाही, खायला घाला, म्हणाले. हे सांगायला वैद्य कशाला हवा होता? मी गुरगुट्या भात केला, अळिवाची खीर केली, मुगाचे कढण केले. वाटी घेऊन तिच्या समोर बसायची आणि ती संपेपर्यंत उठायची नाही. ती संपायची नाही. बाहेर गंगेला, आमच्या नदीला आम्ही गंगाच म्हणतो, लाल पाणी आले होते. दुपारभर ओल्या राखेचा आणि गार पडलेल्या खिरीचा वास घरात भरून राही. अजून तो वास आला की मी उठून बाहेर जाते, मग तो कुणाच्या का घरचा असेना.

अशात विनायकराव आले. आमचे जावई मुंबईला एका छापखान्यात प्रुफे तपासतात. माणूस चांगला, पण बोलण्यापेक्षा रुमालाची घडी करण्यात त्यांचा वेळ जास्त जातो. टांग्यातून आले ते मांडीवर लोणच्याची काचेची बरणी घेऊन. तोंडाला फडके बांधलेले. आत पाणी, आणि पाण्यात बोटाएवढा मासा.

आमच्या घरात मासा शिजत नाही. मासे म्हणजे यात्रेकरू गंगेवर कणकेच्या गोळ्या आणि लाह्या टाकतात त्यांवर तुटून पडणारी करडी गर्दी, एवढीच माझी ओळख. हा वेगळा होता. रंग मोरचुदासारखा निळा, आणि लांब परांच्या कडा भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पत्र्यासारख्या लाल.

"हे काय आणलंत?" मी विचारले.

"मासा आहे. सयाम देशातला. मुंबईच्या बाजारात बोटीवरून येतात. दुसरा नर दिसला की मरेस्तोवर भांडतो, म्हणून एकेकटा ठेवतात."

"आणि यमूनं त्याचं करायचं काय?"

"काही नाही. बघायचं."

"बघून पोट भरतं होय?"

विनायकरावांनी रुमाल काढला. मला लगेच वाईट वाटले, कारण तिचे पोट बघून भरत नाही हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते. मी आवाज उतरवून विचारले, "खातो काय हा?"

त्यांनी एकदा ओसरीवर जपमाळ ओढीत बसलेल्या मामंजींकडे पाहिले, रुमालाची चौकोनी घडी केली आणि म्हणाले, "खातो हो. काहीही."

मामंजी उठून आले. बरणीकडे वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "बरणीत लोणचं घालतात, जीव नाही," आणि आत जाऊन ते नवे घंगाळ घेऊन आले. ते चिंचेने घासून लख्ख केलेले होते, पण अजून त्यात पाणी भरले नव्हते. मी काही बोलायच्या आत त्यांनी त्यात विहिरीचे पाणी ओतले आणि पाठोपाठ मासा सोडला.

"रिकामं ठेवू नका याला," ते म्हणाले.

घंगाळ माडीवर यमूच्या खाटेजवळ ठेवले. तिने कूस बदलली. घंगाळ पाहिले, आत काय आहे ते पाहिले, आजोबांकडे पाहिले.  मी मनात म्हटले, त्यात काहीतरी हलते आहे हे बरे. रिकामे दिसण्यापेक्षा बरे.

मासा खाईना. मी गंगेवरच्यासारख्या कणकेच्या गोळ्या केल्या. मग त्या मोठ्या वाटल्या म्हणून मोहरीएवढ्या केल्या. लाह्या टाकल्या. भाताचे शीत टाकले, पोळीचा चुरा टाकला. तो तळाशी काठाला टेकून, मिटलेल्या छत्रीसारखे पर आवळून बसे. गोळी त्याच्या तोंडासमोरून खाली जाई आणि तो तिच्याकडे ढुंकून पाहत नसे. समोरच्या सगुणाकाकू रोज बघायला येत.

"अगं, नैवेद्य दाखवून घाल त्याला," त्या म्हणाल्या. "आणि दृष्ट काढ. एवढा निळा जीव."

"कुणाची दृष्ट लागणार इथं?"

"माझीच लागली असेल बाई. कालपासून तीनदा बघून गेले."

मी दृष्ट काढली नाही. मला कामे होती. रोज सकाळी घंगाळातले पाणी मी फेकून देई, कारण रात्रभर राहिलेले पाणी आमच्यात शिळे. मासा तांब्यात काढायचा, घंगाळ चिंचेने घासायचे, विहिरीचे ताजे गार पाणी भरायचे आणि मासा परत सोडायचा. देवाच्या भांड्याची निगा राखतात तशी मी त्याची राखली. मासा दिवसेंदिवस फिका पडत चालला. मी आणखी घासू लागले.

एके दुपारी मी बोटाच्या टोकावर गोळी घेऊन त्याच्या तोंडाशी धरली होती. मागून यमूचा आवाज आला.

"आई, नको असेल त्याला."

"नको कसं? पोट आहे ना त्याला?"

"त्याला कुणी विचारून आणलंय इथं? नसेल राहायचं."

कित्येक दिवसांत ती एवढे बोलली नव्हती, आणि बोलली ते हे. मी बोट पाण्यातून काढले आणि पदराला पुसले. हा मासा तिच्या उशाशी मेला तर ती त्यातून काय उचलेल, ते मला स्वच्छ दिसले. मला मुलीची आणि माशाची तुलना करायची नाही. असल्या उपमा ऐकल्या की मला उठून कामाला लागावेसे वाटते. मासा मासाच होता. पण आता तो जगायलाच हवा होता.

मग पाऊस असा लागला की विहिरीचे पाणी गढूळ झाले. हे म्हणाले, दोन दिवस विहिरीचे काही वापरू नका, गाळ बसू द्या. माठांतले साठवलेले पाणी पिण्यापुरते होते. म्हणून त्या सकाळी घंगाळ तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी वर गेले तर खोलीत आंबूस वास. तळाशी साठलेली कणीक आंबली होती. मासा एका कुशीवर कलला होता आणि त्याचे कल्ले भराभर हलत होते. पाण्याच्या रेषेवर घंगाळाला गोल फिरून दोऱ्यासारखी हिरवी कड आली होती. मी त्या कडेवरून बोट फिरवले आणि जिभेला लावले.

ती चव कुठल्याही तांबटाच्या बायकोला झोपेत ओळखता येईल. बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवले की ते असेच लागते. पाणी कळकले होते. दुकानात बसायची वेळ आली की मी येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते, आंबट ठेवणार असाल तर आधी कल्हई करून घ्या. आणि माझ्या घरात, माझ्या हातच्या कणकेने आणि माझ्याच चिंचेने, हे झाले होते. पाणी कळकेल असे कुणाच्या मनात येणार? पाण्यासाठीच तर लोक तांबे घेतात.

मी बरणी धुतली. ताजे पाणी नव्हतेच, म्हणून पिण्याच्या माठातले परवाचे, निवलेले, शिळे पाणी तिच्यात ओतले आणि मासा सोडला. घंगाळ रिकामे करून खाली आणले, तोच मामंजी गंगेवरून आले.

"मासा कुठं?"

"बरणीत."

"का?"

"पाणी कळकलं, मामंजी."

"पाणी कळकत नाही," ते शांतपणे म्हणाले. "जन्मभर तांबं बडवलं. माझ्या गडव्यांतून लोक गंगा आपापल्या गावी नेतात. वर्षभर देवापाशी ठेवतात."

"त्यात कणीक कालवून नेत नाहीत."

त्यांनी वाकून घंगाळाच्या कडेवर बोट फिरवले आणि जिभेला लावले. मग तिथेच पायरीवर बसले. पाऊस त्यांच्या पायांवर उडत होता तरी उठले नाहीत.

"कल्हई करायला हवी होती याला," ते म्हणाले.

"न्हाणाच्या घंगाळाला कल्हई कोण करतं?"

"कुणी करत नाही." त्यांनी बोट धोतराला पुसले. "पण त्याच्या अंगाला जर..."

 ते काय विचारत होते ते मला समजले. त्या मुलाला या घंगाळाचे पाणी कधी लागलेच नव्हते. तो गेला तेव्हा घंगाळ पुरते घडलेही नव्हते. हे त्यांनाही माहीत होते. तरी मनात आले ते आले.

"मामंजी, आळीतलं प्रत्येक मूल तांब्याच्याच घंगाळात न्हालंय," मी म्हटले. "तुमचा मुलगाही."

"हो," ते म्हणाले. पण त्या दिवशी त्यांचा ठोका ऐकू आला नाही. घंगाळ मीच माळ्यावर टाकले. ते कुठे गेले असे त्यांनी शेवटपर्यंत विचारले नाही. गेल्याच्या गेल्या वर्षी ते वारले, आणि या एका गोष्टीबद्दल मी त्यांना आणखी काही सांगायला हवे होते का, हे मला अजून कळलेले नाही.

बरणीत मासा सरळ झाला. पर थोडे सुटले. पण खाणे नाहीच. रविवारी विनायकराव मुंबईहून पुन्हा आले, तेव्हा मी त्यांना हात-पाय धुवायच्या आधी ओसरीच्या कोपऱ्यात गाठले.

"काहीही म्हणजे काय, ते नीट सांगा. विकणारा काय म्हणाला होता?"

रुमाल निघाला. "तो म्हणाला, जिवंत खातो. डासांची पिल्लं. पाण्यात वळवळतात ती. पण चातुर्मास, आणि आजोबा समोर माळ घेऊन बसलेले. मला वाटलं, तुमच्या घरात..."

"आमच्या घरात काय डासांना ओवाळतात?"

ते हसले. त्या महिन्यात त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी हसले असेल.

आता डासांची पिल्ले आणायची कुठून? पावसाळ्यात हिवतापाची भीती, म्हणून मी घरातले आणि परसातले प्रत्येक फुटके खापरसुद्धा पालथे घातलेले होते. थेंबभर साचलेले पाणी सापडेना. आपल्या नीटनेटकेपणाचा मला आयुष्यात तेव्हाच राग आला असेल. मी वाटी घेऊन समोर गेले.

"काकू, तुमच्या परसातल्या रांजणात डासांची पिल्लं आहेत का?"

"माझ्याकडे कशाला असतील?" सगुणाकाकूंचा आवाज चढला. "कुणी सांगितलं तुला? कालच घासलाय रांजण."

आम्ही दोघी जाऊन पाहिले. रांजणात पाण्यापेक्षा तीच जास्त होती, आणि आमची सावली पडताच सगळी वळवळत तळाशी गेली.

"हा घासलेला?"

"काल म्हणजे अगदी कालच नव्हे," काकू म्हणाल्या. "घे आता हवी तेवढी. पण आळीत बोलू नकोस."

वाटी पदराखाली झाकून आणताना मामंजी समोर आले. आत डोकावले. मला वाटले, आता नेमके चातुर्मासाचे काढतील. "त्याला कुठं कळतोय चातुर्मास," एवढेच म्हणाले आणि बाजूला झाले.

मी वर जाऊन बरणीत चार-सहा सोडली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले. मासा हलला नाही. पिल्ले त्याच्या नाकासमोर वर-खाली करीत होती. मी वाकले. तो मागे सरला. मी आणखी वाकले. खाटेवर हालचाल झाली. यमू उठून भिंतीला धरून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती.

"आई, तू जा बघू खाली."

"का? खातोय का ते बघते की."

"तू अशी डोक्यावर उभी राहिलीस की कुणालाच खाता येत नाही."

ती रागावून बोलली नव्हती. दार लाव, वारा येतोय, अशा सुरात बोलली. मी तिच्याकडे पाहिले नाही. खाली निघाले आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर बसले. रिकामे बसायची सवय नाही, म्हणून पदराचा सुटलेला दोरा ओढत राहिले. वरून काही ऐकू येईना. आळीतले ठोके चालले होते. कारखान्यात मामंजींचा ठोका अजून बंद होता. मी किती वेळ बसले माहीत नाही. मग यमू वरून म्हणाली, "खाल्लं."

"किती?"

"मोजायला नाही बसले मी."

म्हणून लगेच तीही जेवू लागली असे कुणाला वाटेल तर तसे झाले नाही. काही दिवस ताट भरलेलेच खाली येई, काही दिवस अर्धे. मी ते वर नेऊन ठेवी आणि उतरून येई. उतरायला चढण्यापेक्षा जास्त त्रास होई. ती मात्र रोज सकाळी वाटी घेऊन समोरच्या रांजणावर जाऊ लागली, आणि रांजण घासू नका म्हणून काकूंशी वाद घालू लागली. दसऱ्यानंतर सासरी गेली ती बरणी मांडीवर घेऊनच. मासा पुढे तिकडे मुंबईत एका थंडीत मेला. विनायकरावांनी हे मला सांगितले तेव्हा रुमालाच्या दोन घड्या केल्या. 

आता पुन्हा ती वर आहे. संध्याकाळी दिवे लावले, पुजले. कणकेचे गोड दिवे उकडले होते. तुपाबरोबर तिच्या पानात तीन वाढले. तिने दोन खाल्ले, तिसऱ्याची कड मोडून तशीच ठेवली आणि पोटावर हात ठेवून खिडकीबाहेर पाहत बसली. मी दारात होते. काय दुखतंय, काय नको झालंय, मूल हालतंय ना, असे सगळे तोंडाशी आले होते. ती म्हणाली, "आई, दिवे छान झालेत." म्हणजे जा. मी गेले. खाली ओसरीवर घंगाळ घासून उपडे ठेवले होते आणि समईच्या उजेडात लाल दिसत होते. वर ठेवायला गेले नाही. खालीही कुठे ठेवावे सुचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणि एक कणकेचा दिवा झाकून माडीच्या वरच्या पायरीवर ठेवला आणि हाक न मारता उतरले. मग घंगाळ कमरेवर घेतले आणि आळीच्या टोकाला कल्हईवाल्याकडे गेले. त्याने ते फिरवून पाहिले.

"न्हाणाचं आहे हे, बाई. याला कल्हई कुणी करत नाही."

"माहीत आहे. तांबटाच्याच घरची आहे मी. आतून कर, काठापर्यंत."

त्याने खांदे उडवले आणि भाता ओढायला घेतला. नवसागराचा पांढरा धूर निघाला. तो म्हणाला, वेळ लागेल, या मागाहून. मी म्हटले, राहू दे. आणि काम होईपर्यंत त्याच्या डोक्यावर उभी राहिले.